‘महत्त्वाचं तेवढं ठेवा’

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर स्त्री-चळवळीत काम केलेल्या, ओळखीच्या एका ताईंचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे. त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली होती आणि पंधरा दिवसांत घर रिकामं करून भाड्याच्या जागेत जायचं होतं. “माळा उपसायला घेतलाय. मुलगा म्हणतो, महत्त्वाचं तेवढं ठेवा, बाकीचं रद्दीवाल्याला देऊन टाकू. आता महत्त्वाचं काय, तेच मला कळेना झालंय. तू ये बाई एकदा.”

मी पोचले तेव्हा दोन ढीग लागले होते. ‘महत्त्वाचं’ या ढिगात मानपत्रं, शाल पांघरल्याचे फोटो, छापून आलेल्या मुलाखती आणि कुठल्याशा मंत्र्यांबरोबरचा लॅमिनेट केलेला एक फोटो होता. रद्दीच्या ढिगात सायक्लोस्टाईल केलेली पत्रकं होती, दोनशे पानी वह्यांत लिहिलेली बैठकांची टिपणं होती, एसटीची तिकिटं टाचलेले हिशेब होते, तालुक्याच्या गावांहून आलेली आंतरदेशीय पत्रं होती. फोटोंचं एक जाड पाकीट आणि गाण्यांच्या चार कॅसेटही त्यातच पडल्या होत्या.

ढीग उलटे लागले होते. ते त्या एकाच घरात उलटे लागले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मानपत्रातला मजकूर सगळीकडे सारखाच असतो, नाव तेवढं बदलतं. सत्काराची बातमी एखाद्या वाचनालयाच्या फाइलीत आज ना उद्या सापडेल. पण त्या वहीत एका बैठकीचं टिपण होतं. हुंड्यापायी छळ झालेल्या एका मुलीसाठी काढायच्या पत्रकात सासूचं नाव घालायचं की नाही, यावर अकरा बायका रात्री दहापर्यंत भांडल्या होत्या. एकीचं म्हणणं, सासू ही पण बाईच. दुसरीचं म्हणणं, मग मुलगी कोण? शेवटी नाव घातलं नाही, आणि दोघी पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. या भांडणाची जगात एकच प्रत आहे आणि ती रद्दीच्या ढिगात होती. चळवळ कशी विचार करत होती, कुठे अडली आणि कुणाला गमावून बसली, हे मानपत्रात नसतं. ते या वहीतच असतं.

आपल्याकडे स्त्रियांच्या लढ्याचं जे काही हाती लागलं आहे, त्यातलं बरंचसं नशिबाने लागलं आहे. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ घ्या. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली. त्यावर वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीलाच धारेवर धरलं, तेव्हा संतापून बुलढाण्याच्या या बाईने पुस्तक लिहिलं आणि १८८२ साली पुण्यात छापून घेतलं. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत तिची बाजू घेतली. पुढे पुस्तक लोकांच्या नजरेआड गेलं, ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. म्हणजे ९३ वर्षं. मधल्या काळात जन्मलेल्या आणि मेलेल्या कितीतरी बायकांना आपल्याआधी कुणीतरी हे सगळं रोखठोक बोलून गेलंय, याचा पत्ताच नव्हता. आज ‘स्त्रीमुक्ती हे पश्चिमेकडून आलेलं खूळ आहे’ असं कुणी म्हणालं की आपण ताराबाईंचं पुस्तक पुढे करतो. एखादी प्रत कुठेतरी वाळवीपासून वाचली म्हणून करतो, एरवी हात हलवत बसलो असतो.

मुक्ता साळवेचंही तसंच. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला म्हणून आपल्यापर्यंत पोचला. छापला गेला नसता तर? त्या शाळेतल्या बाकीच्या मुलींनीही पाटीवर, कागदावर काहीतरी लिहिलं असेलच की. ते आपण मोजतसुद्धा नाही, कारण जे उरलंच नाही त्याची यादी कोण करणार!

वास्तविक कागदाचं मोल मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून फिरले, वाण्याच्या पुडीला जाऊ घातलेली दप्तरं सोडवून आणली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. मोडी वळणातल्या एखाद्या चिठ्ठीच्या तारखेवरून आपल्याकडे दोन-दोन पिढ्या वाद रंगतात. पण तो मान मिळायला कागदावर शिक्का लागतो, निदान रुमालात बांधलेला तरी असावा लागतो. १९७५ सालचं पत्रक अभ्यासकाला पुरेसं जुनं वाटत नाही आणि घरच्यांना फारच जुनं वाटतं. या दोन वाटण्यांच्या मधल्या फटीतून ते रद्दीत जातं.

आणि १९७५ नंतरची दहा-पंधरा वर्षं महाराष्ट्रात काय साधी होती? त्याआधीच, १९७२च्या दुष्काळात आणि महागाईत, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एकत्र आल्या आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणे मोर्चे निघाले. शहाद्याकडे भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली. १९७४ साली नीरा देसाईंनी एसएनडीटी विद्यापीठात स्त्रियांविषयीच्या संशोधनाचं केंद्र सुरू केलं, १९७५ साली मुंबईत स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली, १९७७ साली पुण्यातून ‘बायजा’ हे स्त्रियांचं नियतकालिक निघू लागलं. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिला आघाडीच्या अधिवेशनाला लाखाच्या घरात बायका जमल्या. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे पत्रकं, वर्गणीची पावतीपुस्तकं, निरोपाच्या चिठ्ठ्या, गाण्यांचे कागद असणार. एक लाख बायका काही हवेतून गोळा होत नाहीत. कुणीतरी ट्रक ठरवले, कुणीतरी भाकऱ्या मोजल्या. त्या मोजणीचा कागद आज कुणाच्या घरात आहे?

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर असं की, बाई, आज एवढ्या मोठ्या लढाया समोर उभ्या असताना जुने कागद कुरवाळत बसायला वेळ कुणाला आहे? चळवळीत आयुष्य घातलेल्या बायकाच हे जास्त म्हणतात, म्हणून त्याला उडवून लावता येत नाही. आत्ता जिला मारहाण होतेय तिला आसरा द्यायचा, की १९८२च्या मारहाणीची फाइल पुसत बसायची? प्रश्न असा टाकला की उत्तर ठरलेलंच असतं. पण तो असा टाकायचा का, हा माझा सवाल आहे.

देसाईगंज पोलीस ठाण्याचंच प्रकरण बघा. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असा न्यायालयाचा तर्क. निकाल लागून वर्ष होत आलं तरी फारशी कुठे कुरकुर नव्हती. मग उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८०च्या जानेवारीत मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला, ८ मार्चला देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात ‘माझी संमती नव्हती’ असं बाई सांगत असेल, तर न्यायालयाने तसंच धरून चालावं, असं कलम पुराव्याच्या कायद्यात आलं.

ते पत्र आज वाचायला मिळतं, कारण ते छापलं गेलं आणि त्यावर सह्या करणाऱ्यांच्या नावांना वजन होतं. पण मोर्च्यांची मराठी पत्रकं? वस्त्यांतल्या सभांत बायकांनी विचारलेले प्रश्न? कायदा बदलायला चौघांचं पत्र पुरलं नसतं. रस्त्यावर माणसं यावी लागली. त्यांच्याकडचं दप्तर गेलं की चाळीस वर्षांनी गोष्ट अशी सांगितली जाते की चार विद्वानांनी पत्र लिहिलं आणि सरकारने ऐकलं. नव्या कार्यकर्तीला त्यातून काय शिकायला मिळणार? पत्र लिहायला शिक, एवढंच. लोक कसे जमवायचे, विरोधातल्या वर्तमानपत्राला कसं उत्तर द्यायचं, आपसांतली फूट कशी सांधायची, हे सगळं तिला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. आजच्या लढाईला वेळ नाही म्हणणाऱ्या बायकांना मला एवढंच सांगायचं आहे की तुमचा वेळ तिथेच जातोय.

हा खटला ज्या नावाने ओळखला जातो ते त्या मुलीचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. १९८३च्याच दुरुस्तीने अशा गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरवलं. म्हणजे जिच्यामुळे पुढच्या सगळ्याजणींना नाव झाकायचा हक्क मिळाला, तिचं मात्र कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात उघडं राहिलं. दप्तर जपणाऱ्यांनी ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी. ताईंच्या रद्दीत आंतरदेशीय पत्रांचा एक गठ्ठा होता, त्यातली निम्मी पत्रं मदत मागणाऱ्या बायकांची होती. नाव, गाव, नवऱ्याचं नाव, काय काय झालं, सगळं लिहिलेलं. ‘ताई, हे कुणाला कळू देऊ नका,’ असं एकीने दोनदा लिहिलं होतं. इतिहासाचं साधन म्हणून याचं मोल फार मोठं आहे, आणि म्हणूनच ते उद्या कुणी उत्साहाच्या भरात स्कॅन करून सगळ्यांसाठी खुलं केलं तर तो विश्वासघात होईल. काही कागद जपायचे आणि कुलुपात ठेवायचे, तीस नाहीतर पन्नास वर्षं. जपणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. हल्ली या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

आता एक अडचणीची गोष्ट. मी माळ्यांबद्दल बोलते आहे, पण माळा असणं हीच मुळात ऐपतीची गोष्ट आहे. आणि आपल्याकडे ऐपत म्हटलं की जात आलीच. पुण्याच्या पेठांत, दादर-पार्ल्याच्या ब्लॉकमध्ये कागद पन्नास वर्षं टिकला, कारण तिथे छप्पर गळत नव्हतं आणि घर बदलावं लागलं नाही. ज्या बाईचं झोपडं तीनदा तुटलं, तिच्याकडे कुठलं दप्तर मागायचं? उरलेलं तेवढंच गोळा करत बसलो, तर सत्तर-ऐंशीच्या दशकांत दलित कार्यकर्त्या जी तक्रार तोंडावर करत होत्या, की तुमच्या स्त्रीमुक्तीत आम्ही कुठे आहोत, ती तक्रार आपण दप्तरातही खरी करून दाखवू.

याला उत्तर आहे, आणि ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी कधीच देऊन ठेवलं आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, वीस-पंचवीस हजार बायका आल्या होत्या, समोर बाबासाहेब. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायकांना रजा असे ठराव झाले. तेही १९४२ साली. ठराव छापील असल्याने राहिले. पण त्या हजारो बायका कोण होत्या, घरून कशा निघाल्या, पोरं कुणाकडे ठेवून आल्या, हे कागदावर नव्हतं. ते शोधायला या दोघी चाळीसेक वर्षांनी दारोदार फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलतं केलं, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. मुलाखत घेतलेल्यांपैकी आज कोण हयात असणार? दोघी दहा वर्षं थांबल्या असत्या तर त्यातलं कितीतरी त्या बायकांबरोबरच गेलं असतं. जिथे कागद नाही तिथे माणसं असतात, फक्त ती कागदापेक्षा लवकर जातात.

शिवाय कागद नसतो असंही नाही, तो भलत्या ठिकाणी असतो. शेतकरी महिला आघाडीने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. त्या मोहिमेचं दप्तर तलाठ्याच्या सात-बारात आहे. दारूची मडकी फोडणाऱ्या भिल्ल बायकांनी स्वतः काही लिहून ठेवलं नसेल, पण कुणीतरी त्यांच्याविरुद्ध फिर्याद दिलीच असेल ना! चळवळीचा खरा बखरकार पुष्कळदा ठाणे अंमलदार असतो. तो आपल्या बाजूने लिहीत नाही, एवढंच.

मग करायचं काय? ‘शासनाने लक्ष घालावं’ असं म्हणायची आपली जुनी खोड. मी अर्धंच म्हणते. शासनाने लक्ष घातलं की स्मारक होतं. भिडे वाड्याचंच बघा ना. १८४८ साली फुले दांपत्याने जिथे मुलींची शाळा काढली तो वाडा वर्षानुवर्षं पडका होत गेला, कोर्टकज्जा चालला, आणि डिसेंबर २०२३मध्ये तो पाडून राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली. स्मारक होईल, व्हावंही. पण पाडलेल्या वास्तूच्या जागी नवी वास्तू उभी करता येते, हरवलेल्या वहीच्या जागी नवी वही ठेवता येत नाही. सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली मोजकी तीन पत्रं आज आपल्यापुढे आहेत. जिने शाळा चालवल्या, दुष्काळात अन्नछत्रं चालवली, त्या बाईने आयुष्यात तीनच पत्रं लिहिली असतील का? बाकीच्यांचं स्मारक कुठे बांधायचं?

सार्वजनिक अभिलेखांचे कायदे सरकारी कागदांपुरते आहेत. संस्था-संघटनांच्या दप्तराला ते हात लावत नाहीत, आणि लावू नये हेच बरं. चळवळ ज्यांच्याशी भांडली त्यांच्याच कपाटात चळवळीचे कागद गेले, तर किल्ली कुणाच्या मूडवर फिरेल ते सांगता येत नाही. अॅमस्टरडॅममध्ये १९३५ साली रोझा मॅनस आणि तिच्या मैत्रिणींनी स्त्री-चळवळीचं आंतरराष्ट्रीय दप्तर सुरू केलं. १९४०च्या जुलैत नाझींनी ते सगळंच्या सगळं उचलून नेलं. पुढे ते मॉस्कोत निघालं, १९९२ साली तसा पत्ता लागला आणि २००३ साली, तेही पुरतं नाही, परत आलं. मला त्या गोष्टीत नेहमी हे खटकतं की त्या कागदांची किंमत शत्रूला बरोबर कळली होती. आमच्याकडे तीच गोष्ट आम्ही किलोच्या भावाने देतो.

तेव्हा पैसा सरकारचा, ताबा चळवळीचा. १९९४ साली देशातलं पहिलं महिला धोरण काढल्याचा ज्या राज्याला अभिमान आहे, त्या राज्याने प्रत्येक महसूल विभागात एक कोरडी खोली आणि एका सूचिकाराचा पूर्ण पगार द्यावा, एवढीच माझी मागणी आहे. खोलीपेक्षा पगार महत्त्वाचा. मुंबईत १९८८ साली सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ ही स्त्रियांविषयीची साधनं जपणारी संस्था उभी केली आणि आवाज, फोटो, पोस्टर यांचा मोठा संग्रह जमवून दाखवला. दिल्लीच्या ‘झुबान’ या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने देशभरातून स्त्री-चळवळीची दीडेक हजार पोस्टरं गोळा केली. काम होऊ शकतं हे सिद्ध झालेलं आहे. फक्त ते एखाद्या बाईच्या जिद्दीवर आणि प्रकल्पाच्या मुदतीवर चालतं. विद्यापीठांतल्या स्त्री अभ्यास केंद्रांचीही तीच गत, अनुदान पुढे मिळेल की नाही हे ठाऊक नसताना कुणी शंभर वर्षं टिकवायच्या गोष्टी कशा हातात घ्याव्यात?

‘सगळं स्कॅन करून टाका, प्रश्न मिटला,’ असं तरुण मंडळी सांगतात. ताईंच्या नातवानेही सांगितलं, आणि फोनवर पटापट फोटो काढायलाही लागला. मी त्याला विचारलं, पाच वर्षांपूर्वीच्या फोनमधले फोटो दाखव. तो हसला. स्कॅन जरूर करावं, पण मूळ कागद फेकून देण्यासाठी नव्हे. आणि यादी नसलेले दहा हजार स्कॅन म्हणजे नुसता दुसरा माळाच.

खोली मिळेल तेव्हा मिळेल, तोवर घरच्यांनी चारदोन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ. कागद लॅमिनेट करू नयेत, सेलोटेप लावू नये. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात. कॅसेट आधी ऐकून उतरवून घ्याव्यात, त्यांच्याकडे वेळ सगळ्यात कमी आहे. गठ्ठे सोडून ‘विषयवार’ लावायचा मोह आवरावा, कारण ताईंनी दारूबंदीच्या पत्रकाशेजारी सुनेच्या बाळंतपणाचा खर्च ठेवला असेल तर त्याला कारण आहे, दोन्ही एकाच आठवड्यात झालेलं असतं. आणि आधी फोटो बाहेर काढावेत. फोटोंच्या मागे नावं लिहायला सांगावं, हात चालतोय आणि आठवतंय तोवर. छापील बातमीत ठरलेलं असतं, ‘अमुकताई, तमुकताई व इतर कार्यकर्त्या’. आपल्या स्त्री-चळवळीचा निम्मा इतिहास त्या ‘व इतर’मध्ये गाडला गेलाय.

ताईंकडे आम्ही चार दुपारी बसलो. पाकिटात सत्तरएक फोटो निघाले. मी फोटो पुढे करायची, त्या चष्मा वरखाली करत नावं सांगायच्या, नातू पेन्सिलीने मागे लिहायचा. बऱ्याचजणींची आडनावं आठवली नाहीत, पण ‘ही मिरजेची, हिचा आवाज मोठा’ असं आठवलं. तेही लिहून घेतलं. एका मोर्च्याच्या फोटोत पहिल्या रांगेत कडेवर मूल घेतलेली एक बाई होती, तोंड पूर्ण उघडं, घोषणा देताना. ताईंनी फोटो खिडकीशी नेला, परत आणला, पुन्हा नेला.

“हिचं नाव मला माहीत होतं गं,” त्या म्हणाल्या.

नातवाने मागे तारीख आणि गाव लिहिलं, आणि नावासाठी ओळ मोकळी ठेवली.